चिंगीचं काम

हेमा,

तुझ्या शोकसभेला हॉल भरून गेला होता. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मराठी मंडळाच्या निखिलने तालमीच्या सतरंज्या आणून अंथरल्या, तरी माणसं भिंतीला टेकून उभी होती. गोविंदपुऱ्यातल्या तुझ्या कारखान्यातले लोक ड्यूटीच्या कपड्यांतच आले होते. तुझी भाजीवालीसुद्धा आली होती, पदर तोंडाला लावून. दारात चपला काढताना माझ्या मनात जो पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. माझ्या वेळेला एवढी माणसं येतील का, हा होता.

हे तुला सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण तुला ते माहीतच होतं. मी तुझा मत्सर केला, आणि तो माझा स्वभावच आहे असं धरून तू माझ्याशी मैत्री ठेवलीस. बाकी कुणाला सांगितलं तर पटणार नाही. मी कॉलेजात विभागप्रमुख, नावामागे डॉक्टर, बाग सेवनियात स्वतःचं घर. तू एका छोट्या कारखान्यात डिस्पॅचचं काम करणारी, अयोध्या नगरातल्या दोन खोल्यांतून रोज सकाळी साडेआठला स्कूटी काढणारी. पण आपण दोघी कुठल्याही खोलीत शिरलो की माणसं तुझ्याकडे वळायची. माझ्याशी ती नीट बोलायची. तुझ्याशी बोलताना मात्र ती खुर्ची पुढे ओढायची.

आणि हे सगळं सहावीत असल्यापासून.

आठवतं ना, मंडळाची बालनाट्यं टाउनशिपच्या हॉलमध्ये व्हायची. कुमुदताई स्वतः नाटक लिहायच्या, स्वतः बसवायच्या, आणि कुणी चुकलं की स्वतःचाच चष्मा काढून पुसत बसायच्या. त्या वर्षी त्यांनी ‘चिंगी आणि तिचं गाढव’ लिहिलं. कुंभाराची चिंगी मडकी घेऊन राजाकडे जाते, वाटेत गाढव अडून बसतं, आणि शेवटी राजासमोर ती एक मोठं भाषण करते. चिंगीचं काम मला मिळालं. का मिळालं, ते मला तेव्हाही माहीत होतं. माझे बाबा पुण्याहून बदलून आलेले, आमच्या घरातलं मराठी स्वच्छ. तुझं घर इंदूरचं, दोन पिढ्या माळव्यात मुरलेलं. तू “मी बोलली” म्हणायचीस. माझी आई तुला दारातच अडवायची, “हेमा, ‘बोलले’ म्हण, ‘बोलली’ नाही.” आणि तू मान हलवून म्हणायचीस, “हो काकू, तेच तर मी बोलली.”

म्हणून तुला गाढव दिलं. गाढवाला बोलायचं नव्हतं.

प्रयोगाच्या आठ दिवस आधी मला गालगुंड झाले. दोन्ही गाल सुजून टम्म. आईने लेप लावून मला कॉटवर झोपवलं आणि कुमुदताईंना निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी कळलं की तू चिंगी करणार. पंधरा दिवस माझ्यापुढे गाढव होऊन वाकून उभी राहता राहता तुझं सगळं नाटक पाठ झालं होतं. माझ्यासाठी आईने शिवलेला हिरवा परकर तुला कमरेत होईना. आईने माझ्या डोळ्यांदेखत तो उसवला आणि आत कापड घालून मोठा केला. त्यानंतर तो मला कधीच बसला नाही.

प्रयोगाच्या दिवशी आई मला धाकट्या भावाच्या भरवशावर सोडून हॉलवर गेली. म्हणाली, “एवढा परकर शिवलाय, बघून तरी येते.” परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. माझा लेप बदलता बदलता तिने सगळं सांगितलं. राजासमोरच्या भाषणात मधेच तुला शब्द आठवेना. तू क्षणभर थांबलीस, मग कंबरेवर हात ठेवून राजाला म्हणालीस, “देखो राजासाहेब, असं नाही चालणार!” हॉल नुसता उसळला. टाळ्या थांबेनात. माझी आई, जी तुझं एकेक क्रियापद दुरुस्त करायची, ती म्हणाली, “काय काम केलं गं त्या पोरीने.”

मी भिंतीकडे तोंड केलं. सुजलेल्या गालांनी रडताना फार दुखतं, एवढं मला अजून आठवतं.

पुढच्या वर्षापासून मोठी कामं तुझीच. मी तीन वर्षं आणखी नाटकांत होते. मंत्री, शेजारीण, एकदा नुसतं झाड. मग मी अभ्यासाला लागले आणि पहिली येत राहिले. तू मंडळ सोडलं नाहीस. लग्न झालं, नोकरी लागली, मूल झालं नाही, सासू अंथरुणाला खिळली, पण रविवारी सकाळी दहाला तू मुलांच्या तालमीला हजर. माझी ऋचा सात वर्षांची असताना तिला मीच तुझ्याकडे आणून सोडलं होतं. ते मी का केलं, हे मी स्वतःला कित्येकदा विचारलं आहे. माझ्या मुलीने तरी चिंगी व्हावं असं मला वाटत असणार.

ती झालीही. पण मग ती तुझी झाली.

ऋचा शाळेतून आली की मला मार्क सांगायची आणि तुला बाकीचं सगळं. दोन वर्षांपूर्वी तिने पुण्याच्या त्या मुलाशी ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा ती सुट्टी काढून आधी तुझ्या घरी उतरली. मी सहज तुझ्याकडे आले, तर माझी मुलगी तुझ्या ओट्याशी उभी राहून वरणाला फोडणी देत होती. मला वाटत होतं ती पुण्यात आहे. तू घाईघाईने म्हणालीस, “अगं, मी तिला हेच सांगून राहिली होती, की आधी आईला फोन कर.” तू तसं सांगितलं असणार, मला शंका नाही. पण तुला ते सांगावं लागलं, हेच मला लागलं. मी चहा न घेता निघून आले. आपण त्यावर कधी बोललो नाही.

आता जानेवारीतल्या कार्यक्रमाबद्दल बोलते. त्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून जुन्या बालकलाकारांचा सत्कार ठरला. निखिल नवीन सचिव, उत्साही. त्याने कपाटातून जुन्या नाटकांची छापील पत्रकं काढली आणि त्यांवरून यादी केली. ‘चिंगी’चं पत्रक माझे गाल सुजण्याआधीच छापून आलं होतं. त्यावर चिंगीपुढे माझं नाव होतं आणि गाढवापुढे तुझं. निखिलचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्याला कसं कळणार?

मला मात्र आदल्या आठवड्यातच कळलं होतं. निमंत्रणाबरोबर यादी आली होती. मी ती वाचली. पुन्हा वाचली. निखिलला फोन करायला एक मिनिट पुरलं असतं. मी ती यादी घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि त्या दिवसासाठी मोरपंखी साडी इस्त्रीला दिली.

कार्यक्रम तुला आठवतोच. स्टेजवर कुमुदताई व्हीलचेअरमध्ये, अंगावर पांढरी शाल. वय झालेलं, डोळ्यांना दिसत नाही फारसं. निवेदक एकेक नाव घेत होता आणि पन्नाशीची, साठीची माणसं शाळेतल्यासारखी धडपडत वर जात होती. मग तो म्हणाला, “‘चिंगी आणि तिचं गाढव’ या अविस्मरणीय नाटकातली चिंगी...” आणि माझं नाव.

मी उठले. तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर होतीस. मी तुझ्याकडे पाहिलं नाही. पण तू टाळ्या वाजवायला सुरुवात केलीस ते मला ऐकू आलं, कारण सगळ्यांत आधी वाजली ती तुझीच टाळी.

इथे एक गोष्ट आहे जी तुला माहीत नाही.

ताईंच्या हातून शाल घ्यायला मी वाकले. त्यांनी माझा हात चाचपला, दोन्ही हातांत धरला आणि अगदी हळू म्हणाल्या, “हेमा ना गं? काय सुंदर केली होतीस चिंगी. ते ‘देखो राजासाहेब’ मी नंतर नाटकात लिहूनच टाकलं.”

यादी चुकली होती, निवेदक चुकला होता, पण ताई चुकल्या नव्हत्या. त्यांना फक्त चेहरा दिसत नव्हता. मी म्हणायला हवं होतं की ताई, मी वर्षा. मी म्हटलं, “हो, ताई.”

का म्हटलं, ते आज इतके दिवस शोधते आहे. मला वाटतं, मला ते वाक्य एकदा ऐकायचं होतं. चिंगी सुंदर केली होतीस, असं माझा हात धरून कुणीतरी म्हणणं. मग ते तुझ्या नावाने का असेना.

त्यानंतर निवेदकाने गाढवाचं नाव घेतलं. तू दोन्ही हातांचे कान करून डोक्यावर हलवत स्टेजवर गेलीस आणि सगळा हॉल पुन्हा तुझा झाला. बेचाळीस वर्षांनी माझ्या वाट्याला चिंगी आली आणि तू नुसत्या कानांवर बाजी मारून गेलीस.

मागच्या अंगणात साबुदाणा वडे आणि चहा होता. तू प्लेट घेऊन माझ्याकडे आलीस. तुझा चेहरा इतका मोकळा होता की मला संताप आला.

“तू काही बोलली का नाहीस?” मी विचारलं.

“काय बोलायचं?”

“चिंगी तू केलीस म्हणून.”

“अगं सोड ना यार. पाठांतर तर तुझंच होतं. मी तुझं ऐकून ऐकूनच केलं ना. तू नसती तर मला एक ओळ नसती आली.”

“मला तुझी भीक नको आहे, हेमा.”

भीक हा शब्द मी मुद्दाम वापरला. तुला लागावा म्हणून शोधून वापरला. तू हातातली प्लेट कठड्यावर ठेवलीस. तू रागावली नाहीस, पण तुझ्या तोंडावरून काहीतरी उतरलं, आणि पहिल्यांदा मला दिसलं की तू किती थकली आहेस.

“काही पण बोलून राहिली तू,” तू म्हणालीस. मग जरा वेळाने, “रविवारी तालमीला ये. मुलं गेल्यावर बसू आणि मनभर भांडू. इथे लोक बघतायत.”

मी रविवारी आले नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मधे एकदा तुझा फोन आला तेव्हा मी ओट्याशी गवार मोडत होते, आणि म्हटलं, “मीटिंगमध्ये आहे, नंतर करते.” मागे कुकरची शिट्टी झाली. तू हसलीस आणि म्हणालीस, “बरं बरं, चालू दे मीटिंग.”

तुझं ते शेवटचं बोलणं. आठवड्याने, बुधवारी सकाळी दिलीपभावोजींचा फोन आला. तू डबा भरत होतीस, म्हणाले. पोळ्या झाल्या होत्या, भाजी भरायची राहिली होती. खाली बसलीस ती उठलीच नाहीस. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी आले तेव्हा ऋचा अजून पुण्याहून पोचली नव्हती. मी तुझ्या पायाशी बसून होते आणि मला रडू येत नव्हतं. संध्याकाळी ऋचा आली, दारातूनच “मावशी” म्हणत कोसळली. तुझ्या उशाशी ती जशी रडली, तशी ती आजी गेली तेव्हाही रडली नव्हती. मी तिला धरून बसले. तिचं डोकं माझ्या छातीवर होतं, हुंदका सगळा तुझ्यासाठी होता, आणि मला, हेमा, त्या क्षणीसुद्धा तुझा हेवा वाटला. मग एकदम मला रडू आलं, आणि थांबेचना. ते तुझ्यासाठी होतं की माझ्यासाठी, ते मी ठरवत बसले नाही.

शोकसभेत बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव दुसरं होतं. बालमैत्रीण म्हणून. मी भाषण लिहून नेलं होतं, चांगलं होतं. तुझा उत्साह, तुझं निरपेक्ष काम, असं सगळं त्यात होतं. उभी राहिले, कागद उघडला, आणि पहिली ओळ वाचवेना. तुझ्या रविवारच्या वर्गातली मुलं पुढे सतरंजीवर बसली होती. मी कागद मिटला.

मी म्हटलं, “जानेवारीत चिंगीबद्दल माझा जो सत्कार झाला, तो माझा नव्हता. चिंगी हेमाने केली. मी त्या दिवशी घरी आजारी होते. यादीत चूक आहे हे मला आधीपासून माहीत होतं. मी सांगितलं नाही, कारण मला तो सत्कार हवा होता.”

मी पुढे म्हटलं, “लहानपणापासून मला तिचा हेवा वाटत आला. तिच्यासारखी कुणी मला दुसरी भेटली नाही, हेही खरं आहे.” आणि बसले. ताईंना मी “हो” म्हटलं, ते मात्र नाही सांगता आलं. तेवढं तुझ्यासाठी ठेवलं होतं. वर लिहिलं आहे.

घरी जाताना ऋचा गाडी चालवत होती. मला वाटलं, आता ती बोलेल, किंवा कधीच बोलणार नाही. होशंगाबाद रोडला लागल्यावर ती म्हणाली, “मला माहीत होतं आई.”

“काय?”

“चिंगीचं. कार्यक्रम झाला त्याच संध्याकाळी मी मावशीला फोन केला होता, मुबारक द्यायला. तिने तुझं कौतुक केलं खूप. मी म्हटलं, पण मावशी, चिंगी तर तू केली होतीस ना, आजी सांगायची. तर म्हणाली, चुप. आईला काही विचारायचं नाही. तिला सांगायचं असेल तेव्हा ती स्वतः सांगेल.”

“आणि नाही सांगितलं असतं तर?”

ऋचा सिग्नलला थांबली. “तेही विचारलं मी. ती म्हणाली, तू तुझ्या आईला ओळखत नाहीस. मी ओळखते.”

तू मला माझ्या मुलीसमोर सांभाळून घेतलंस, आणि मी तिकडे तुझा फोन टाळत गवार मोडत होते. मला तुझ्याबद्दल कृतज्ञता वाटायला हवी. वाटते. पण खरं सांगू, आधी वाटला तो हेवाच. माझ्याबद्दल इतकी खात्री मला स्वतःला कधी नव्हती. ती तुझ्याजवळ होती आणि मला न सांगता तू ती घेऊन गेलीस. त्या रात्री ऋचा माझ्या खोलीत झोपली. बऱ्याच वर्षांनी. तिने मला तिच्या मोडलेल्या लग्नाबद्दल सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. मी मधे एकदाही सल्ला दिला नाही. फार जड गेलं.

परवा निखिलचा फोन आला. पन्नास वर्षांची स्मरणिका छापायला जायची आहे, त्यात यादी दुरुस्त केली आहे म्हणाला. “चिंगीपुढे हेमाताईंचं नाव टाकलं मॅडम. पण मग गाढव कोणी केलं होतं? ती जागा रिकामी राहते.”

तू चिंगी झालीस म्हणजे आयत्या वेळी दुसऱ्या कुणीतरी गाढव केलं असणार. पंधरा दिवसांची तालीम नसताना, ते पोतं पांघरून, दीड तास वाकून, एक शब्द न बोलता. आणि मी इतक्या वर्षांत तुला हे कधीही विचारलं नाही. चिंगी कोणाची, एवढ्यावरच आपण भांडत आलो. खरं म्हणजे मीच.

दिलीपभावोजींना ठाऊक नव्हतं. माझी आई असती तर तिला आठवलं असतं कदाचित. शेवटी काल मी कुमुदताईंकडे गेले. त्यांना तू गेल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही. डॉक्टर नको म्हणाले. त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी या वेळी आधी माझं नाव सांगितलं, मोठ्याने. मग गाढवाचं विचारलं. त्यांनी खूप वेळ डोळे मिटून आठवून पाहिलं आणि मान हलवली.

“मला नाही बाई आठवत,” त्या म्हणाल्या. “हेमाला विचार ना. तिला प्रत्येक मुलाचं नाव पाठ असतं.”

“विचारते ताई,” मी म्हटलं.

म्हणून हे सगळं लिहिलं. निखिलने सोमवारपर्यंत जागा रिकामी ठेवली आहे. सांग ना हेमा, त्या दिवशी तुझं गाढव कोण झालं होतं?